दहा शब्दांतले तीन

पयले कबुली देतो. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या मॅडम पोरांची याद तपासाले शाळेत आल्या, दहा शब्द वाचले, म्हणाल्या आठवते तेवढे लिहा. मले तीन आठवले, माया दोस्त सुगतले नऊ. कागद मीच गोळा केले अन् पेन्सिलीची दोन्ही नावं पुसून अदलाबदल केली. तवापासून दर शनिवारी सुगत एस.टी.नं भंडाऱ्याले जाते अन् माया इलाज घेते.

तं मी, वीरेंद्र उर्फ मोनू हिरालाल मेश्राम, वय सोळा, राहणार करडी, डोकं जागेवर ठेवून हे लिहून देतो. उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन हाय. सुगत म्हणे, "अठराच्या आत मृत्युपत्र चालत नाही बे." नसन चालत तं ढकला.

सायकल सुगतले. ब्रेक नाही, त्याले मालूम हाय.

बाबा टायरच्या ज्या हवा भरल्या ट्यूबवर बसून तलावातले शिंगाडे तोडे, ते ट्यूब बहिणीले, खुशबूले. पाण्यात नेऊ नको, बाई. मले मांडीवर घेऊन बाबा हिरवा शिंगाडा दातानं सोले अन् माया तोंडात टाके. ते गोडी अजून जिभेवर हाय.

केशवराव गुरुजीले सहाचा पाढा वापस. "मोन्या, डोस्क्यात भुसा हाय का?" दर साली हेच. बाबा बुडाले तवा मी सात वर्साचा, काठावरच होतो. त्याच्या आधी बाराचा पाढा घडाघडा म्हणो. मंग काही टिकेचना. म्हून बेंचात बेडकं सोडली. पोरं हासली का पाढा कोणी इचारत नाही.

काल सुगत येऊन सांगे, "मॅडम म्हणे, लहानपणी धसका बसला तं ध्यान लागत नाही, याद राहत नाही. पोरगं बुद्धू नसते, धीरानं शिकवलं तं सुधरते. हे तुयंच हाय ना बे?" मी हासलो. मंग घरामांगं जाऊन बसलो.

शनिवारची जागा: वाचलो तं मीच जाईन. नाही तं खुशबूले पाठवा, तिचंबी ध्यान लागून नाही राहिलं.

शेवटचं कलम. सुगत, हे कलम फाडून मंगच बाकीचं आईले वाचून दाखवजो. बाबा गेल्यावर आई तीन दिवस जेवली नाही. "शेवटी काय म्हणाले रे?" इचारे. मी सांगतलं, "म्हणाले, सुमनले सांग, जेवून घे, मले उशीर होईन." ते उठली, जेवली. पण बाबा बुडाले त्या दिवसाचं मले काहीच याद नाही. पाणीबी नाही.

साक्षीदार: सुगत, खुशबू (कागद दुमडून सही घेतली)
करडी, १४ डिसेंबर २०२५
सही: मोनू

सुगत, पाया पडतो, कोणाले सांगू नको. आई त्याच बोलावर जेवून राहिली.