दोनातली एक गोळी

इंदूर, ६ जुलै १९८०

ती. कुसुमताईस गिरिधरचा शि. सा. न. वि. वि.

डिंकाचे लाडू पोचले. खोलीतल्या पोरांनी डबासुद्धा चाटला. आमच्या वेटलिफ्टिंगच्या शिबिरात सर रोज दोन ताकदीच्या गोळ्या देतात. भूक आणि दंड दोन्ही वाढलेत. टायफॉइडनंतर आपली धाकटी गोपी अगदी काडी झाली म्हणतेस, म्हणून मी एकच गिळतो, एक तिच्यासाठी ठेवतो. साठ जमल्या, त्या पाठवतोय. दुधासोबत दे. कोजागरीला भुलाबाईच्या गाण्यांना तिचा आवाज कॉलनीभर ऐकू गेला पाहिजे.

तुझा, गिरिधर

कोराडी, २४ ऑगस्ट

चि. गिरिधरास अनेक आशीर्वाद.

गोळ्या लागू पडल्या. गोपी भरल्या बादल्या घेऊन जिना चढते. आई म्हणते, पोरगी आता मलेच उचलून नेईल. आवाज तेवढा बसलाय, वीजकेंद्राच्या राखेच्या धुळीने असेल. गोळ्या संपत आल्या, आणखी पाठव. पण स्वतःही खा, कर्ण होऊ नकोस.

कुसुम

कोराडी, ११ ऑक्टोबर

चि. गिरिधरास आशीर्वाद.

भावाला लिहू नये ते लिहिते. गोपीची पाळी तीन महिने आली नाही. ओठावर लव आली आहे, आवाज पुरुषासारखा जाड झालाय. आई ओरडली, काहून अशी बोलून राहिली वं. नागपुरात सदर भागातल्या डॉक्टरीणबाईंना गोळ्या दाखवल्या. त्या पुरुषी हार्मोनच्या आहेत. बाकीचे हळूहळू सुधारेल, आवाजाचा मात्र भरवसा नाही म्हणाल्या. तुझेही लिव्हर तपासायला सांगितले आहे. मी न विचारता दिल्या, वर मागून घेतल्या. दोष माझाही आहे. तू आजच गोळ्या थांबव.

कुसुम

इंदूर, १८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

सरांना विचारले. गोळ्या सोडायच्या तर शिबिरही सोड, म्हणाले. डिसेंबरात मोठी स्पर्धा आहे, पाच वर्षे तिच्यासाठी घाम गाळला. ताई, मी अजून गिळतो आहे. गोपीला तोंड कसे दाखवू?

गिरिधर

कोराडी, २५ ऑक्टोबर

ती. गिरिधरदादास गोपीचा शि. सा. न.

ताईला आलेले तुझे पत्र मी चोरून वाचले. पत्रात आवाज ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बरे वाटते. परवा कोजागरीला भुलाबाईची गाणी झाली. दरवर्षी मी सुरुवात करायची. यंदा नुसत्या टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या, म्हण ना वं. मी खिरापत वाटायला उठले. घरी येऊन रडले. तुझा खूप राग आला.

मग वाटले, मी खाल्ल्या तेवढ्या तरी तुझ्या पोटात गेल्या नाहीत. दोनातली एक माझ्यामुळे टळली. आता दुसरी तू सोड आणि घरी ये. आम्हाला पदक नको.

माझ्यावर लोभ केलास, पण न कळता. आता कळून कर.

गोपी