थोरलीला ‘येते’ म्हणून

मी, होड्या बांधणारी, जिला सगळा धक्का आक्का म्हणतो ती, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे कामातून गेलेत, डोकं नाही. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला जोडला आहे.

राहतं घर आणि बँकेत उरेल ते भाचीला. तिने स्वयंपाकघराची खिडकी बुजवू नये, तिथून थोरली दिसते. आमच्या तळ्याला काठावरचे लोक थोरलीच म्हणतात. वकिलांनी मसुद्यात ‘जलाशय’ घातलं होतं, ते मी खोडायला लावलं.

वडिलांची तासणी आणि जुनी वल्ही वस्तुसंग्रहालयाला. कारखान्यातली होडी मात्र त्यांना मिळणार नाही. कोरड्या दालनात तिच्या फळ्यांना भेगा पडतील.

कारखाना, अवजारं आणि अर्धी बांधलेली होडी धाकट्या भावाला. यावर भाची फणफणेल, आणि तिचं बरोबरच आहे. काठावरून निघताना आम्ही थोरलीला ‘येते’ म्हणतो, ‘जाते’ कुणी म्हणत नाही. हा शहाणा ‘जातो’ म्हणून बसमध्ये चढला आणि शब्दाला जागला. अजून तोंड दाखवलेलं नाही.

तरीही त्यालाच, कारण पाणी आटलं त्या वर्षी चिखलातून एका खोडात कोरलेली होडी वर आली. संग्रहालयाचे लोक म्हणाले, हजारो वर्षांची आहे. तिच्या टोकाला दोर ओवायचं भोक होतं, तिरकं, डावीकडे झुकलेलं. वडिलांनी आम्हा दोघांना अगदी तसंच पाडायला शिकवलं होतं. त्यांना त्यांच्या वडिलांनी. आणि त्यांना? मी आत बोट घातलं. दोराने झिजून गुळगुळीत झालं होतं. अंगावर सर्रकन काटा आला. भाऊ शेजारीच होता. हळूच म्हणाला, “आक्का, हा आपलाच हात आहे गं.” थोरलीपुढे इतकी लहान मी कधी झाले नव्हते, आणि इतकी सुखीही.

तो हात आता आम्हा दोघांकडेच उरलाय. अर्ध्या होडीला ते भोक पाडायचं मी मुद्दाम बाकी ठेवलंय. भावाने यावं, भाचीचा हात धरून ते पाडावं, होडी पाण्यात लोटावी आणि थोरलीला ऐकू जाईल असं ‘येतो’ म्हणावं. तेवढ्याने माझा राग निवळला असं समजावं.

वकिलांनी जागोजागी ‘मी गेल्यानंतर’ लिहिलं होतं. तेही खोडलंय. तिथे ‘मी येते म्हटल्यानंतर’ असं वाचावं.

सही: आक्का, होडीवाली
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, धक्क्यावरचा चहावाला
स्थळ: कारखाना, थोरलीचा काठ
दिनांक: १४ मार्च