मयतीचा ठेका

किनवट, मंगळवार संध्याकाळ

घानाचा ढोलवाला अन् लंडनचा गिटारवाला मिळून गाणं बनवून राहिलेत. त्यात त्यांना माझी हलगी पाहिजे. मला भरवसा न्हाई. लग्नाचा ठेका दिला की हे घेऊन पसार.

म्हणून रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला तसा मी मुद्दाम मयतीचा ठेका धरला. लंडनवाला खुशीत मान डोलवून राहिला. घानावाल्यानं मात्र ढोलावरचे हात काढले, टोपी उतरवली. दुभाषी पोरगी म्हणाली, "काका, ते विचारतात, तुमच्याकडचं कोण गेलं?"

"कुणीच न्हाई," म्हणलं. लाल दिवा चालूच.

घानावाल्यानंच उठून तो बंद केला. लंडनवाल्याला मात्र एक शब्द सांगितला न्हाई. का? माझी लबाडी झाकली, का तोही त्याला सगळं देत नसंल?