पाहुण्यांची खोली

प्रिय चष्मिष्ट,

तुझं पत्र पोचलं. तुझी चिंगी हल्ली तुमच्याकडे का येत नाही, फोनवर तुटक का बोलते, कोणी मुलगा तर नाही ना, असं विचारलंयस. वाचून आधी हसू आलं. मुलगा नाही गं. असता तर सगळ्यांत आधी मलाच कळलं असतं, माझ्याच घरात राहते ती आणि माझ्याच कंपनीत जाते. तिचं नीट चाललंय असं मी मागच्या वेळी तुला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू लगेच “जाऊ दे गं” म्हणाली असतीस. माझी वहिनी व्हायच्या आधीपासूनची तुझी ही खोड. आणि मला ते ऐकून बरं वाटलं असतं. म्हणून लिहितेय.

माझं काम तुला माहीत आहे, पण कधी नीट सांगितलं नाही. आमची कंपनी रंग बनवते. वर्षाच्या शेवटी पर्यावरण आणि सुरक्षेचा अहवाल निघतो: पाणी किती वापरलं, धूर किती सोडला, झाडं किती लावली (जगली किती, ते कोणी विचारत नाही), माणसं किती जखमी झाली. आकडे वेगवेगळ्या खात्यांतून येतात. त्यांना चांगल्या भाषेचे कपडे मी चढवते. शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेली भाषा अशी कामाला आली. फाटकावर एक मोठा फलक आहे, कामाचा एकही दिवस अपघातामुळे बुडालेला नाही असं सांगणारा. साहेबलोक त्याला देवासारखं जपतात.

आता यातली मेख ऐक. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तरच तो अपघात मोजला जातो. आला, तर नुसता प्रथमोपचार. मग त्याला आणायचंच. सकाळी कंपनीची गाडी त्याच्या दारात जाते, दोघं जण त्याला धरून उतरवतात आणि माझ्या खोलीत आणून बसवतात. माझीच खोली, कारण ती तळमजल्यावर आहे आणि तिथे सोफा आहे. सगळे तिला पाहुण्यांची खोली म्हणतात. मीही हसत हसत तेच म्हणायचे. पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक वेल्डर पूर्ण उन्हाळा माझ्याकडे शब्दकोडी सोडवत होता. “मॅडम, एवढा आराम मला बायकोनेही कधी दिला नाही,” म्हणायचा. मी त्यांना चहा द्यायचे, पाठीशी उशी द्यायचे. आपण मायेनं वागतोय असं वाटायचं मला. माझ्या उशीनेच ते खोटं इतकं सुखाचं केलं होतं, हे मनातही आलं नाही.

आपल्या वर्गाची हजेरीची ढाल आठवते? पूर्ण हजेरी म्हणून तुला गोवर अंगावर असताना शाळेत आणलं होतं आणि मागच्या बाकावर निजवलं होतं. ढाल मिळाली, आणि पंधरवड्यात अर्धा वर्ग लाल ठिपक्यांचा. तुझ्या आईने शाळेत येऊन सिस्टरांना जे काय सुनावलं ते ऐकायला आपण खिडकीखाली दडून बसलो होतो. त्या आठवणीवर मी आयुष्यभर हसत आलेय. आता हसू येत नाही.

अजून महिनाही झाला नाही, कंपनीची ती गाडी माझ्याच दारात आली आणि फाटकात तिच्यातून चिंगी उतरली.

रंगाचं पाणी जिथे साफ होऊन बाहेर पडतं तिथे तिचं काम. त्या पाण्याचा नमुना नेहमी सकाळीच घेतात, तेव्हा ते स्वच्छ असतं. दुपारी ते कसं असतं ते बघायला ती एकटीच पुढच्या नाल्यावर गेली. तिथे कोणी जायचंच नाही असं ठरलेलं, त्यामुळे कठडाही नाही. पाय घसरला आणि उजव्या हातावर पडली. कंपनीच्या डॉक्टरांनी मुरगळलंय म्हणून पट्टी बांधली. ढालीसारखंच सुरक्षेचं एक बक्षीस यंदा कंपनीला मिळायचंय, त्याची समिती येऊन जाईपर्यंत गप्प राहा, मग नोकरीत कायम करू, असं सुरक्षा अधिकाऱ्याने तिला सांगितलं. ती मला म्हणाली, “आत्या, आईला कळवू नकोस, ती धावत येईल.” आणि मी काय म्हणाले असेन? थोडे दिवस दम धर म्हणाले.

रोज ती माझ्या समोर बसायची, हात उशीवर. आणि मी लिहीत होते की यंदाही एकही दिवस बुडाला नाही. परवा सकाळी वेणी घालून दे म्हणाली. तिच्या हातात कंगवा ठरत नव्हता. मी तिला बाहेरच्या हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. हाड मोडलं होतं आणि वाकडंच जुळत आलंय. आता पुन्हा मोडून आत धातूची पट्टी बसवायची, उद्याचा दिवस सोडून ऑपरेशन आहे. “इतके दिवस कुठे होतात?” डॉक्टरांनी विचारलं. चिंगी माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे.

हे सगळं मी कदाचित तुला तोंडावर सांगू शकले असते. पुढचं नाही. काल सुरक्षा अधिकारी घरी आला. घरी पडली असं सांगा, म्हणजे सगळ्यांचंच भलं, म्हणाला. घरात कुठे, यावर अडलं. तेव्हा न्हाणीघर मी सुचवलं, चष्मिष्ट. फरशी गुळगुळीत आहे, पटेल, असंही म्हणाले. मग पोरीकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. दवाखान्यात आज तेच सांगितलंय, आणि उद्या रात्री फोन करून ती तुलाही तेच सांगणार आहे.

हे पत्र तुला कुरियरने उद्या दुपारी मिळेल. त्याआधी सकाळीच मी डॉक्टरांना खरी जागा सांगणार आहे, आणि अहवालातलं ते वाक्य मी लिहिणार नाही हेही ऑफिसात कळवणार आहे. शूरपणा नाही गं. तुला लिहून बसले की मला मागे फिरता येणार नाही, म्हणून आधी तुला लिहिलं. तिची नोकरी बहुधा जाईल आणि ती माझ्याशी बोलणार नाही. म्हणून तू ये, मिळेल त्या गाडीने ये. मला दादासमोर काय हवं ते बोल. पण तिचा फोन आला तर तिला खोटं पाडू नकोस. तिला एवढंच विचार, दुखतंय का. इतक्या दिवसांत मी ते विचारलं नाही, आणि तीही एकदासुद्धा दुखतंय म्हणालेली नाही.

तुझीच, अजूनही तुझ्याहून वीतभर उंच आणि आज तुझ्यासमोर मान वर न करणारी,
शिडी