मुठीचा डबा

आई, तुझा मुठीचा डबा आता बदलापूरला माझ्या ओट्यावर असतो. झाकणाला पोचा होता तो आहेच. भात लावण्याआधी मी एक मूठ तांदूळ त्यात टाकते आणि रविवारी तो चर्चमध्ये गरजूंच्या पोत्यात रिकामा करून येते. काल तुझी नात म्हणाली, "मम्मी, डायरेक्ट पाच किलोची बॅग देऊन टाक ना, हे रोज रोज कशाला?" मी तिला तुझी जीन्सची गोष्ट सांगितली.

बाबा गेले त्या वर्षीची. अंबरनाथहून तू उल्हासनगरला जीन्स शिवायला जायचीस. एक दिवस शेटने एका बड्या परदेशी कंपनीच्या नावाच्या पट्ट्यांचा गठ्ठा तुझ्या मशीनवर ठेवला. पट्ट्या खोट्या, त्या कंपनीला पत्ताच नाही. तू म्हणालीस, "शेटजी, जीन्स कितना भी दो, सिलाई करती. ये पट्टी मेरे हाथ से नहीं लगेगी." शेट माणूस वाईट नव्हता. तो हसला. "अरे दीदी, सब लगाते हैं. तेरा भगवान पट्टी देखने आएगा क्या?" तू म्हणालीस, "आएगा कायको? इधरच है."

त्याने तुला काढलं नाही, पण मशीनवरून उठवून धागे कापायला जमिनीवर बसवलं. मजुरी निम्म्यावर आली. घरी येऊन तू हे असं सांगितलंस, जणू बढतीच मिळाली होती. मी चौदा वर्षांची, माझं डोकंच फिरलं. "तुझ्या एका पट्टीने जग सुधारणार आहे का?" तू कणीक मळते आहेस, मान वर न करता म्हणतेस, "जगाचं प्रभू बघेल. मला रविवारी हे हात जोडायचे असतात. आजचं त्याने दिलंय ना? उद्याचं उद्या मागू." तुझ्या या आजच्या-उद्याच्या हिशेबाचा मला मनापासून राग यायचा. आज तोच आठवला की तुझा अभिमान वाटतो. माझ्याने ते होत नाही, आई. महिन्याचा किराणा भरलेला असला की मगच माझा देवावर पक्का विश्वास बसतो.

पण एक गोष्ट मी तुझ्या नातीला सांगितली नाही. त्या महिन्यात घरातले तांदूळ तळाला गेले आणि आपण पातळ पेजेवर आलो. मुठीचा डबा मात्र अर्धा भरलेला. मी त्याच्याकडे बघायचे तेव्हा तू एकदाच म्हणालीस, "ते आपले नाहीत." एका दुपारी मी शाळेतून आले, तू कामावर होतीस. मी त्यातले चार मुठी तांदूळ काढले, शिजवले, मीठ घालून पातेल्यातूनच खाल्ले आणि पातेलं घासून ठेवलं. संध्याकाळी तू मूठ टाकायला झाकण उघडलंस आणि थांबलीस. "उंदीर असेल," मी म्हटलं. जाताना झाकण घट्ट लावून गेलेला उंदीर! "असेल," तू म्हणालीस.

त्यानंतर चार दिवस तू संध्याकाळी जेवली नाहीस. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते, त्यामुळे शेजारणींना काही वेगळं वाटलं नाही. तुझ्या वाटचे तांदूळ रोज डब्यात पडताना मी डोळ्यांनी बघत होते आणि माझी पेज संपवत होते. तू पिंजरा आणला नाहीस की एखादं भोक बुजवलं नाहीस. रविवारी डबा पदराखाली धरून चर्चला निघालीस, मला म्हणालीस, "चल, उशीर होतोय."

हे पत्र डब्यात ठेवावं असं मनात होतं, पण रविवारी तो सगळ्यांसमोर उघडतात. फाडूनच टाकेन. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी दोन महिने उशाशी बसून होते, तुला पेज भरवत होते, तेव्हाही तोंडातून शब्द निघाला नाही. आई, उंदीर नव्हता.