चार हात लांब

आन्स-ओ-बूलो,
३ नोव्हेंबर

चि. ओझेलीस आशीर्वाद,

इकडे सगळं ठीक. तिकडचंही ठीक असणार, कारण तुझ्या धुराड्याचा धूर मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतो. रस्ता ओलांडला की तुझं घर, आणि मी तिकीट लावून पत्र पाठवतोय. पोस्टातली लोरेत पाकीट उलटसुलट करून बघत होती. बघू दे.

मांजर मजेत आहे. शेजारच्या आलीरने छतावर चढून पाय मुरगळून घेतला, आता दिवसभर माझ्याकडे बसून अक्कल वाटतो. खेकड्यांचा कारखाना सप्टेंबरअखेर बंद झाला आणि दरवर्षीसारखं अख्खं गाव बेकारभत्त्यावर गेलं. मी सोडून.

का, ते सांगतो, पण हसायचं नाही. कागद कारखान्यातल्या जुन्या नोकरीची माझी पेन्शन कधी सुरू करायची, ते माझ्यावर होतं. मी म्हटलं, आपल्या इकडच्या फ्रेंच लोकांच्या सणालाच करू, पंधरा ऑगस्टला! सगळं गाव भांडी बडवत निघतं, त्यात आपणही बाबांची कढई बडवत जाऊ, पेन्शनरसाहेब म्हणून. गेलोही. तू पुढे झाकणं आपटत होतीस. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस, ते सोड.

मग भत्त्याच्या कचेरीत फोन केला. बाई गोड बोलणारी होती.

“मुस्यू, तुमची पेन्शन मिळकतीत धरली जाते. ती भत्त्यातून वजा होणार.”

“मग हातात काय उरतं?”

“जवळजवळ काहीच नाही.”

“अहो, पेन्शन कागदाची, नोकरी गेली खेकड्यांची! कशाचा कशाला पत्ता आहे का?”

“पेन्शन सुरू झाल्यानंतर पुरेसे तास काम केलं असतंत, तर वजा झाली नसती. तुमचे बहुतेक तास त्याआधीचे आहेत. हंगामाच्या आधीच का नाही सुरू केलीत?”

आता तिला कढईचं काय सांगू? कपाळावर हात मारून घेतला.

आलीर म्हणाला, “पेन्शननंतरचे तासच कमी पडतायत ना? मग नाताळपर्यंत कुठेतरी काम कर. या दिवसांत गावात काम एकाच ठिकाणी असतं. ओझेलीच्या शेडमध्ये, दारावरची तोरणं बांधायचं.” हे तो म्हणाला हं, मी नाही. तरी सहज म्हणून बाईंना पुन्हा फोन केला.

“मालकीण नात्यातली आहे?”

“सख्खी बहीण.”

“मग अवघड आहे. नातेवाइकांकडचं काम सहसा धरत नाहीत. व्यवहार परक्यासारखा, चार हात लांबून व्हायला हवा.”

ओझेली, मी आनंदाने खुर्चीतून उठलोच! म्हटलं, “बाई, आमच्याइतके चार हात लांब राहणारे सगळ्या प्रांतात सापडायचे नाहीत. आईला पोचवून आल्यावरच्या जेवणापासून बोलणं बंद आहे. मी म्हटलं कोंबडीचं फ्रिको अळणी झालंय, तर हिने माझ्यापुढचा वाडगा उचलून कुत्र्याला घातला.”

“याला कोणी साक्षीदार?”

“अख्खं गाव. कुत्रा वारला.”

बाई हसल्या बहुतेक. मग म्हणाल्या, तसं असेल तर विचार होईल, पण इतर कामगारांसारखंच वागवायला हवं, घरच्यासारखे लाड चालणार नाहीत.

म्हणजे सगळं सोपं झालं. मी तुला ‘मॅडम’ म्हणायचं, तू मला ‘मुस्यू कोर्मिये’. मी खालमानेने फरच्या झाडाच्या डहाळ्या तारेवर बांधायच्या. हिवाळाभर भत्ता, घर ऊबदार. काल आरशासमोर ‘मॅडम’ म्हणून पाहिलं. मांजर उठून गेलं.

मग सरळ तुझ्या शेडपाशी आलो. दार ठोठावणार, तर आत तू आईचं गाणं गुणगुणत होतीस. अगदी तिच्यासारखंच, बेसूर! मी फरच्या ढिगाआड उभा राहून सगळं ऐकलं आणि तसाच घरी आलो. डोळ्यांत फरचा चीक गेला होता, असं आलीरला सांगितलं.

खरं सांगू का? मला घर खायला उठतं गं. तासांचं निमित्त झालं, नाहीतर मला पत्र लिहायला तोंड नव्हतं. आणि मला तुझ्याकडे परका म्हणून यायचं नाही. भत्त्याचं काय व्हायचं ते होवो. पेन्शनमध्ये एक खोली गरम होते, आणि रस्त्यापलीकडे तुझी चूल आहेच.

फ्रिको अळणीच होतं, हे मी आजही म्हणेन. पण रविवारी तू केलंस तर येतो. मीठ मी आणतो. मग सोमवारपासून तोरणं बांधायला बसव, जमतील तशी बांधीन, आणि चुकलं की सगळ्यांदेखत ओरड. घरच्या माणसावर ओरडतात तशी.

हे पत्र त्या बाईंच्या हाती पडलं तर माझे सगळे तास चुलीत गेले, कारण खाली सही करतोय ती अशी:

तुझा सख्खा भाऊ,
ओरेल