चौका घासला असेल

हैदराबाद,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. त्रिवेणीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझ्या घरातल्या थोरांना शरणार्थ.

कापसाची वेचणी आटोपली का? इथलं जेवण बरं आहे, फक्त ज्वारीची भाकरी मिळत नाही. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझ्या घरी फोन कायम स्पीकरवर, आणि मला मध्येच रडू फुटलं तर सगळं पालम ऐकेल. आमचे शिवकुमार भावजी आज गावी निघालेत, त्यांच्या हाती देते.

डाव्या छातीत कॅन्सर आहे हे तुला कळलंच आहे. सोमवारी ऑपरेशन. रोबोट करणार. म्हणजे डॉक्टरीणबाई कोपऱ्यात यंत्राला डोळे लावून बसणार आणि माझ्या अंगावर लोखंडी हात चालणार. काखेजवळ लहानशी चीर, वरची कातडी जागेवर राहते म्हणतात. मी विचारलं, "मधीच लाईट गेली तर?" तुझे दाजी म्हणाले, "ती पालमला जाते, इथं न्हाई." सगळे हसले. मी मात्र नर्सला पुन्हा तेच विचारलं.

उजवी छातीही काढणार आहेत. तिथं अजून काही नाही, पण रक्त तपासलं तर घराण्यातून आलेला दोष निघाला. आईकडून आलाय.

काल नर्स म्हणाली, अंगावर धातू चालत नाही, गळ्यातली ती चांदीची डबी काढून ठेवावी लागेल. डबी म्हणजे माझा चौका. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून त्यातलं इष्टलिंग मी अंगावेगळं केलेलं नाही. तिच्याशी भांडले, मग रडले.

आईचं आठवतं ना? छातीतल्या गाठीला ती म्हणायची, चांदीचा चौका घासून घट्टा पडलाय. हळद लावत राहिली आणि गेली.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. नागपंचमीला माहेरी चुडाव्याला तू मला आतल्या खोलीत नेलंस. "अक्का, इथं कडक लागायलंय गं." मी हात लावला आणि म्हणाले, "चौका घासला असंल. हळद लाव."

त्रिवेणी, तेव्हा माझ्या छातीत गाठ होती. तीन महिन्यांपासून होती. तुझी खरी मानली असती तर माझीही मानावी लागली असती, म्हणून तुला आईचं औषध सांगितलं. रोबोटची भीती वाटतेच, पण माझी झोप उडवलीय ती तुझ्या त्या गाठीनं. तू पुन्हा विचारलं नाहीस. म्हणजे अजून हळदच लावत असशील.

हळद बंद कर. भावजी रविवारी परत येणार आहेत, त्यांच्यासोबत ये. लिंग मी नर्सच्या ताटलीत ठेवणार नाही, तुझ्या तळहातावर ठेवीन. मी आत असेपर्यंत धरून बस आणि बाहेर आले की माझ्या गळ्यात घाल. मंगळवारी तुझी तपासणी आहे, नाव लिहून ठेवलंय.

राग आला असेल तर समोर येऊन हवं तेवढं बोल. पण ये.

तुला खोटं सांगणारी,
महानंदाअक्का